चार घास कमी : ऊणोदरी आणि आपले मन

बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील पहिले चार थेट आहाराशी संबंधित आहेत. अनशन पहिले, ऊणोदरी दुसरे, मग वृत्तिसंक्षेप आणि रसपरित्याग. दिगंबर परंपरेत ऊणोदरीला अवमौदर्य म्हणतात. अर्थ एकच, भुकेपेक्षा कमी खाणे. या चारांपैकी आपल्या समाजात खरी प्रतिष्ठा मिळाली ती एकट्या अनशनाला. अठाई झाली की वरघोडा निघतो, सांजीची गीते होतात, नातेवाईक गावोगावहून येतात. चार घास कमी खाऊन उठणाऱ्याचा मात्र कोणी सत्कार केल्याचे ऐकिवात नाही. तो करावा, असेही माझे म्हणणे नाही, कारण या तपाचे सारे सामर्थ्य ते कोणाच्या लक्षात येत नाही यातच आहे. पण वर्षातून आठ दिवस अन्न सोडणारी आणि उरलेले दिवस पोटाला तडस लागेपर्यंत जेवणारी कुटुंबे आपल्याभोवती थोडीथोडकी नाहीत. मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि गुडघेदुखी ही त्या घरांत आता पाहुण्यासारखी येत नाहीत, वस्तीलाच असतात.

अति खाण्याचा विषय निघाला की आपण चटकन इच्छाशक्तीवर बोट ठेवतो. 'मनाचा निग्रह नाही' एवढे म्हटले की निकाल लागला. पण जो मनुष्य सलग आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहू शकतो, त्याच्या निग्रहाविषयी शंका कशी घ्यावी? तोच मनुष्य दिवाळीत शंकरपाळ्यांचा डबा समोर उघडा राहिला तर बोलता बोलता अर्धा रिकामा करतो. निग्रह दोन्ही वेळी तोच असतो, परिस्थिती निराळी असते. उपवासात निर्णय आदल्या दिवशीच झालेला असतो. डब्यासमोर तो प्रत्येक शंकरपाळ्यागणिक नव्याने घ्यावा लागतो, आणि असे शेकडो निर्णय जिंकणे कोणाच्याही मनाला झेपणारे नाही.

आगमग्रंथांत ऊणोदरीचे जे माप दिले आहे ते या दृष्टीने मनन करण्यासारखे आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळांचा आणि स्त्रीचा २८ कवळांचा मानला आहे. आठ कवळ घेणारा अल्पाहारी. त्यापुढे बारा, सोळा, चोवीस अशा पायऱ्या आहेत. आणि ३१ कवळ घेऊन थांबणाराही किंचित् ऊणोदरी करणारा आहे. म्हणजे अवघा एक घास कमी घेतला तरी ते तप ठरते. कवळाचा अर्थ सांगताना, ज्याचा जेवढा आहार असेल त्याचा बत्तिसावा भाग म्हणजे त्याचा कवळ, असाही अर्थ लावला गेला आहे. शेतात राबणाऱ्याला आणि दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याला एकाच तराजूत न तोलणारे हे माप आहे. आजच्या आहारतक्त्यांतही इतके शहाणपण क्वचितच सापडते.

आता प्रश्न असा की, पोट भरल्यावरही हात का थांबत नाही? पोट भरल्याची जाणीव निव्वळ पोटात होत असावी, असे आपण गृहीत धरतो. १९९८ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृती गमावलेल्या दोन रुग्णांवर केलेले निरीक्षण या समजुतीला धक्का देणारे आहे. या रुग्णांना काही मिनिटांपूर्वी घडलेली गोष्टही आठवत नसे. त्यांना दुपारचे जेवण दिले, ताट उचलले, आणि दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा तसेच जेवण समोर ठेवले. दोघांनीही ते खाल्ले. त्यानंतर आणखी एकदा ताट आले, तेव्हाही बहुतेक वेळा ते जेवायला बसले. त्यांची जठरे आपल्यासारखीच होती. नव्हती ती आपण जेवलो आहोत ही आठवण. तृप्तीचा बराच मोठा हिस्सा स्मरणात राहतो, असे यातून दिसते.

याची दुसरी बाजू इंग्लंडमधील सुझान हिग्ज यांनी दाखवली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत, ज्या विद्यार्थिनींना 'आज दुपारी काय जेवलात ते आठवा' असे सांगितले, त्यांनी नंतर समोर आलेली बिस्किटे इतरांपेक्षा कमी खाल्ली. आता आपल्या घरातील रात्रीचे जेवण डोळ्यांपुढे आणावे. दूरदर्शन संच चालू, एका हातात मोबाइल, भाजी कोणती होती हे हात धुताना सांगता येऊ नये अशी अवस्था. हे जेवण पोटात जाते, पण स्मरणात त्याची नोंद होत नाही, आणि तासाभरात हात पुन्हा खाकऱ्याच्या डब्याकडे वळतो. आपल्याकडे मौन पाळून जेवण्याचा नियम घेणारे श्रावक-श्राविका आजही आहेत. तो नियम जीभ आवरण्यासाठी आहे असे आपण समजतो. त्याने पोटही आवरते, कारण मौनात जेवलेला माणूस आपण काय जेवलो हे विसरत नाही. सगळ्या घराला मौन जमणार नाही हे उघड आहे. मुलांशी बोलण्याची तेवढीच वेळ असते, ती का घालवावी? पण पडदे बंद ठेवणे जमू शकते.

पोटाकडून मेंदूकडे जाणारा 'पुरे' हा निरोपही सावकाश पोहोचतो. त्याला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत जेवण उरकणाऱ्याचे ताट त्या निरोपाआधीच संपलेले असते. इथे चौविहार करणाऱ्यांना एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम देहाच्या घड्याळाला मानवणारा आहे. बॉस्टनमधील संशोधकांनी २०२२ साली १६ स्थूल व्यक्तींवर काटेकोर देखरेखीखाली केलेल्या प्रयोगात, तेच अन्न चार तास उशिरा दिले असता भूक अधिक लागते आणि तृप्तीचा संकेत देणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, असे आढळले. पण हिवाळ्यात सहाच्या आत सूर्य मावळतो. दुकानातून धावत आलेला गृहस्थ उरलेल्या बारा मिनिटांत, 'आता सकाळपर्यंत काही नाही' या धास्तीने, दोन माणसांचे जेवण घशाखाली उतरवतो. व्रत राहते, ऊणोदरी मात्र मोडते. रात्री भूक लागेल ही ती धास्ती बहुतांशी निराधार असते. भूक वाढवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी चढते. वेळ बदलली की काही दिवस ते जुन्याच वेळी दार ठोठावते आणि उत्तर मिळाले नाही की हळूहळू नव्या वेळेला सरावते. ज्यांनी नेटाने महिनाभर चौविहार केला, त्यांना हे सांगावे लागत नाही.

भुकेखेरीज खायला लावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे विविधता. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिले की, एकाच प्रकारच्या सारणाचे सँडविच देण्याऐवजी चार निरनिराळ्या सारणांचे दिले तर लोक सुमारे एक तृतीयांश अधिक खातात. एका चवीचा कंटाळा येतो, पण तो त्या चवीपुरताच असतो. नवी चव आली की जीभ पुन्हा ताजी होते. पंगतीत पुरी-भाजीने ओथंबलेल्या पोटाला बासुंदीसाठी जागा कशी सापडते, याचे उत्तर इतके साधे आहे. आपल्या चौदा नियमांत रोज 'द्रव्यांची' संख्या ठरवण्याचा नियम आहे. आज दहा द्रव्ये, आज सात. वृत्तिसंक्षेपाचाच हा नित्याचा अवतार. पोळी एक द्रव्य, डाळ दुसरे, लोणचे तिसरे असे मोजत गेलो की ताट आपोआप आवरते आणि त्यासाठी एकही कॅलरी मोजावी लागत नाही. लग्नाच्या जेवणात चाळीस पदार्थांच्या रांगेपुढे उभे राहण्याआधी 'मी आठच घेणार' असे ठरवून गेलेला मनुष्य आणि 'बघू तिथे काय काय आहे ते' म्हणत गेलेला मनुष्य यांची ताटे शेजारी ठेवून पाहावीत.

पाकीटबंद खाण्याबद्दल इथेच एक वाक्य. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे, घरच्यासारखे अन्न हवे तेवढे खाऊ दिले. दोन्हींत साखर, मेद, मीठ, तंतू सारखेच ठेवले होते, तरी पहिल्या प्रकारात लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, आणि भराभर खात होते. पाकिटावर 'जैन' हा शब्द छापलेला असला की आपण निःशंक होतो. त्या शब्दाने कांदा, लसूण, बटाटा नसल्याची हमी मिळते. पाकीट संपेपर्यंत हात थांबणार नाही, या बाबतीत तो काहीही सांगत नाही.

आता जरा अवघड गोष्टीकडे वळतो. पारण्याच्या दिवशी आणि त्यानंतरच्या आठवड्यात काय घडते? परंपरेने पारणे मुगाच्या पाण्याने, सुंठ-गुळाच्या राबेने होते, आणि ते योग्यच आहे. दीर्घ उपवासानंतर एकदम भरपेट, त्यातही गोड अन्न घेतले तर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम यांसारख्या घटकांचे प्रमाण धोकादायक रीतीने घसरू शकते. वैद्यकशास्त्राला ही अवस्था चांगली ठाऊक आहे. पण मुगाचे पाणी घेऊन दोन तास झाले की आग्रहाची फळी उभी राहते. मावशीने आणलेली मिठाई, मामांनी आणलेली कचोरी, 'आठ दिवस काही खाल्ले नाहीस' ही ममता. आणि तपस्व्याच्या मनातही एक हिशेब चालू असतो की एवढे केले, आता थोडे चालेल.

या हिशेबाचा मानसशास्त्राने चांगला अभ्यास केला आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक पाजून मग आइस्क्रीम हवे तेवढे खाण्यास दिले. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर साहजिकच कमी आइस्क्रीम खाल्ले. परंतु ज्या सतत वजनाच्या चिंतेने खाणे आवरत, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, मग आज सगळेच मोडू द्या, असा तो विचार. आपल्या मराठीत 'भिजलेल्याला पावसाची काय भीती' म्हणतात ते हेच. अति खाण्याचे मोठे प्रसंग बहुधा पहिल्या पेढ्याने घडत नाहीत. पहिल्या पेढ्यानंतरच्या निराशेने घडतात.

पच्चक्खाण रचणाऱ्या पूर्वाचार्यांची मनाची जाण किती खोल होती हे इथे दिसते. प्रत्येक पच्चक्खाणात आगार, म्हणजे सवलती, आधीच सांगितल्या आहेत. अनाभोग म्हणजे विसरून घडलेले. सहसाकार म्हणजे अचानक, हातून नकळत झालेले. समाधी राखण्यासाठी, प्रकृती बिघडल्यास घ्यावे लागलेले. या कारणांनी व्रत मोडत नाही. चूक लक्षात आली की थांबायचे आणि व्रत पुढे चालू ठेवायचे. नियमातच चुकीला जागा ठेवल्यामुळे 'सगळेच मोडले' असे म्हणण्याची वेळच येत नाही. वजन कमी करण्यासाठी स्वतःच्या मनाने बांधलेले आपले नियम मात्र 'उद्यापासून साखर कायमची बंद' अशा थाटाचे असतात. त्यांना आगार नसतो, म्हणून ते तिसऱ्या दिवशी कोसळतात.

पच्चक्खाणाचे दुसरे बळ त्याच्या नेमकेपणात आहे. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे. 'जरा उशिरा खाईन' असे मोघम नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी १९९९ साली मांडलेला विचार याच्याशी जुळतो. 'मी कमी खाईन' हे ध्येय झाले. ते फारसे कामाला येत नाही. 'अमुक घडले की मी अमुक करीन' अशी जोडी आधीच ठरवली तर वेळ येताच मन फारसा वाद न घालता ठरलेल्या वाटेने जाते. आपल्या घरगुती भाषेत ती जोडी अशी असेल: दुसऱ्यांदा वाढायला आले की मी ताटावर हात आडवा धरीन. दुकानात चारच्या चहाबरोबर फरसाण आले की मी डिशमध्ये दोन चमचे काढून पाकीट परत पाठवीन. सुनेने गरम पोळी आणली की आधीची संपल्याशिवाय 'हो' म्हणणार नाही. जोडी एका वेळी एकच असावी आणि ती इतकी छोटी असावी की ऐकणाऱ्याला हसू यावे. ३१ कवळांचा हिशेब लक्षात आहे ना?

अशी सवय किती दिवसांत जडते? एकवीस दिवसांचा आकडा सर्वत्र फिरतो, पण त्याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार सवय अंगवळणी पडायला मध्यमान ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले तर कोणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून घडी विस्कटली नाही, हेही त्यांना आढळले. पर्युषणाचे आठ किंवा दशलक्षणाचे दहा दिवस सवयीसाठी अपुरे पडतात ते यामुळे. चातुर्मासाचे सुमारे १२० दिवस मात्र बहुतेकांना पुरावेत. चातुर्मासात कंदमुळे, हिरव्या भाज्या सोडण्याचे नियम आपण घेतोच. त्यांच्याच जोडीला एक घासाचा नियम घेता येईल.

इथवर ज्याविषयी लिहिले ते सारे परिस्थितीने लादलेले खाणे. पण काही खाणे दुःखाचे असते. मुले परदेशी गेलेल्या घरात दुपारी तीन वाजता एकटी बसून शेव खाणारी आई, धंद्यातले नुकसान घरी न सांगणारा आणि रात्री स्वयंपाकघरात उभ्याने खाणारा कर्ता पुरुष, यांना 'कमी खा' हा उपदेश निरुपयोगी आहे. द्रव्य ऊणोदरीबरोबर शास्त्रांनी भाव ऊणोदरीही सांगितली, क्रोध, मान, माया, लोभ कमी करणे, हे उगीच नव्हे. पोट आणि मन यांचा हिशेब एकाच वहीत मांडला आहे. डब्याकडे हात जाताना 'ही भूक पोटाची की कशाची?' एवढे विचारावे. साधी पोळी-भाजी चालणार असेल तर ती भूक. फक्त तीच एक वस्तू हवी असेल तर बहुधा ती भूक नव्हे. आणि ज्यांच्याकडून वारंवार, लपून, आवरता न येता भरमसाट खाल्ले जाते आणि नंतर तीव्र अपराधभाव येतो, त्यांनी याला पाप समजून अधिक कडक उपवास करू नयेत. हा उपचार होऊ शकणारा आजार आहे. २०१३ सालापासून मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात तो स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेला आहे, आणि कठोर उपवासाने तो बळावू शकतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहाराचा कोणताही नियम डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. वाढत्या वयाची मुले, गर्भवती आणि वजन घटत चाललेली वृद्ध मंडळी यांच्यासाठी हा लेख नाही.

राहिला घरच्या आणि संघाच्या वाढपाचा भाग, आणि माझ्या मते सर्वांत मोठा दोष तिथेच आहे. ताटात अन्न टाकायचे नाही, ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचे, हा आपला संस्कार जीवदयेतून आला. तो सुंदर आहे. पण त्यात वाढणाऱ्याने हात सैल सोडला तर खाणाऱ्याची कोंडीच होते: टाकता येत नाही, म्हणून खावे लागते. ताट स्वच्छ करण्याचा नियम आणि थोडेच वाढून घेण्याचा नियम ही जोडी आहे. आपण पहिला जपला आणि दुसरा विसरलो. लहान मुलांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे. 'ताट संपव' हे सतत ऐकणारे मूल पोटाचे ऐकणे सोडून ताटाकडे पाहायला शिकते, हे लीन बर्च यांच्या १९८७ सालच्या प्रयोगांत दिसले होते. मुलाला अर्धी पोळी वाढावी, हवी तर पुन्हा मागू द्यावी, आणि मग मागितलेली संपवायला लावावी. संस्कारही राहतो, भुकेची ओळखही.

लहान ताट घेतले की माणूस आपोआप कमी खातो, असे लिहिलेले आपण वाचले असेल. या विषयात गाजलेल्या एका अमेरिकन प्राध्यापकांचे डझनाहून अधिक निबंध पुढे मागे घ्यावे लागले, तेव्हा त्या जादूवर फार विसंबू नये. पण वाढलेले प्रमाण मोठे असेल तर खाणे वाढते, हा निष्कर्ष अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेऊनही टिकून आहे. म्हणून साधर्मिक वात्सल्याच्या जेवणात मोहनथाळाचे तुकडे निम्म्या आकाराचे कापावेत आणि ज्याला हवा त्याने दुसरा मागून घ्यावा. वाढपी तरुणांना 'एक तरी घ्याच' ऐवजी 'किती वाढू?' असे विचारायला शिकवावे. आणि तपस्व्याच्या पारण्याला जाताना मिठाईचा डबा नेण्याऐवजी त्याच्या घरच्यांना आधी फोन करून विचारावे की, त्याने येत्या आठवड्यासाठी काय ठरवले आहे.